हजाराच्या आतली वाईन घरी चाखून गुण कसे द्यायचे: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूड, औंध आणि हडपसर अशा तीन टोकांना राहणारी आमची मंडळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमतात, कागदात गुंडाळलेल्या बाटल्यांतली वाईन चाखतात, गुण देतात आणि मग भांडतात. नवा माणूस आला की प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. बजेट बाटलीमागे साधारण हजार रुपयांच्या आत. त्याहून महाग वाईनवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला आम्ही जात नाही.

आधी कायद्याचं सांगा. घरी असं जमलेलं चालतं का?

चालतं, पण नियम आहेत. महाराष्ट्रात वाईन आणि सौम्य बिअर पिण्याचं किमान वय २१, बाकीच्या मद्यासाठी २५. मद्य बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. दुकानात कोणी विचारत नाही म्हणून नियम नाही असं समजू नका. मित्रांनी वर्गणी काढून बाटल्या आणणं वेगळं आणि तिकीट लावून कार्यक्रम करणं वेगळं. दुसऱ्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. सोसायटीच्या गच्चीवर बसायचा बेत असेल तर सेक्रेटरी उत्पादन शुल्कवाल्यांपेक्षा कडक असतात, एवढं लक्षात ठेवा.

ड्राय डेची यादीही बघून ठेवा. आषाढी एकादशी, गणेशोत्सवातले जाहीर झालेले दिवस, २ ऑक्टोबर आणि निवडणुकीच्या आसपास दुकानं बंद असतात. बाटल्या आदल्या आठवड्यातच आणलेल्या बऱ्या.

एवढा खटाटोप कशाला? प्यायची आणि आवडली की नाही ते सांगायचं.

आवडली की नाही हे सांगताना आपण बऱ्याचदा वाईनबद्दल बोलतच नसतो. बाटलीवरचं चित्र, किंमत आणि आणणारा माणूस यांच्याबद्दल बोलत असतो. फ्रान्समध्ये बोर्दोला २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एकच पांढरी वाईन दिली, एकदा आहे तशी आणि एकदा वास नसलेला लाल रंग घालून. लाल दिसणाऱ्या ग्लासचं वर्णन त्यांनी रेड वाईनच्या शब्दांत केलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एकच कॅबर्ने, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची रेड वाईन, दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. ९० डॉलर सांगितल्यावर ती लोकांना १० डॉलरवालीपेक्षा जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाशी संबंधित भागही जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना ती खरोखरच जास्त छान लागत होती.

तेव्हा लेबल आणि किंमत झाकल्याशिवाय दिलेले गुण आम्ही गुण मानत नाही. बाकी सगळ्या नियमांत सूट मिळते, यात नाही.

झाकायचं नेमकं कसं?

कालचं वर्तमानपत्र आणि रबरबँड. बाटलीचा आकारसुद्धा चुगली करतो: रुंद खांद्यांची बाटली बहुधा कॅबर्ने किंवा मर्लोची, उतरत्या खांद्यांची असेल तर शिराझ किंवा शार्दने असण्याची शक्यता जास्त (ही सगळी द्राक्षांच्या जातींची नावं). झाकण फिरकीचं की बुचाचं यावरूनही लोक अंदाज बांधतात. म्हणून घरातल्या एकानं स्वयंपाकघरात सगळ्या बाटल्या उघडून बुडापासून मानेपर्यंत सैलसर गुंडाळायच्या, म्हणजे आकार कळत नाही. झाकणं खिशात टाकायची. मग दुसऱ्या माणसानं, पहिला बाहेर गेल्यावर, बाटल्यांची जागा बदलून नावं चिकटवायची. आता कुठली कुठे आहे हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

आकडे देऊ नका. १ नंबरच्या बाटलीला उगाच मान मिळतो. आम्ही पेठांची नावं देतो: कसबा, रविवार, नाना, भवानी. सदाशिव वगळली आहे, कारण सदाशिव पेठेला कमी गुण द्यायला कोणी धजत नाही.

एका बैठकीत किती वाईन?

चार. फार तर पाच. सहाव्या ग्लासापर्यंत जीभ तुरटपणानं बधिर होते आणि सगळ्यांचं बोलणं वाढतं.

किती ओतायची?

चाखणीच्या प्रमाणित ग्लासात, म्हणजे १९७७ च्या आयएसओ ३५९१ या आंतरराष्ट्रीय मानकात सांगितलेल्या ग्लासात, ५० मिलि ओततात. घरी ३० मिलि पुरते. ७५० मिलिच्या बाटलीत ३० चे पंचवीस घोट होतात, म्हणजे आठ जणांत एक बाटली फिरूनही अर्ध्याहून जास्त उरते. ती नंतर जेवणाबरोबर.

हिशेब एकदा करून ठेवा. १३ टक्के अल्कोहोलच्या ५० मिलि वाईनमध्ये जवळजवळ ५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पाच वाईन पूर्ण गिळल्या तर २५ ग्रॅम, आणि गाडी चालवायची नाही एवढं समजायला हे पुरेसं आहे. रिक्षा किंवा कॅब करा. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय. गरोदर असाल, औषधं चालू असतील किंवा सोडायचा प्रयत्न चालू असेल, तर वास घेऊन गुण द्या. त्या गुणांनाही आमच्यात मान आहे.

थुंकायचं असतं म्हणे. घरी, पाहुण्यांसमोर?

हो. प्रत्येकाला एक उंच स्टीलचा पेला द्या, तळाशी टिशू पेपर ठेवा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. पहिल्यांदा सगळे लाजतात, दुसऱ्या वाईनला विसरतात. आधी बाथरूममध्ये पाण्यानं सराव करा.

ग्लास कुठले घ्यावेत?

सगळे एकसारखे, बिनरंगी, तोंडाशी थोडे आत वळलेले. वास वर साठतो तो त्या वळणामुळे. एवढं साधलं की किमतीला अर्थ उरत नाही. बोहरी आळीत किंवा कॅम्पात हॉटेलवाले घेतात तसले जाड काचेचे ग्लास पुरेत. नक्षीकाम नको. धुताना भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास आत राहतो, आणि मग सगळ्यांना सगळ्या वाईनमध्ये 'लिंबाची छटा' मिळते. गरम पाण्यानं विसळा, उपडे न ठेवता पुसून ठेवा. उपडे ठेवले तर कपाटाचा वास आत कोंडतो.

रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची असते ना?

ज्या रूमचा तो सल्ला आहे ती युरोपातली, भिंती दगडी आणि तापमान १६–१८ अंश. पुण्यात एप्रिलमध्ये बंद फ्लॅटमध्ये रात्रीही ३० अंश असतात. त्या तापमानाला रेड वाईनमधलं अल्कोहोल नाकात घुसतं आणि फळाचा वास मागे पडतो. स्वस्त रेड 'जळजळीत' वाटते, त्यातल्या निम्म्या तक्रारी फ्रीजमध्ये मिटतात.

आमचे ठोकताळे असे. रेड चाखण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये, हेतू १५–१८ अंश. व्हाईट आणि रोझे (गुलाबी वाईन) फ्रीजमध्येच असतील तर ओतण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर, मे महिन्यात दहाच. हेतू ८–१२ अंश. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, त्याहून थंड, ६–८. घाई असेल तर बादलीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ, मूठभर मीठ. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खोचून ठेवलेली लवकर थंड होत नाही, पाणी लागतंच.

यात एक गंमत आहे. वाईन खूप थंड केली की वास दबतात, त्यात दोषही दबतात. म्हणून 'एकदम चिल्ड प्या' असा आग्रह ज्या बाटलीसाठी होतो, तिचा ग्लास मुद्दाम थोडा वेळ तसाच ठेवा आणि कोमट होत आला की परत चाखा. चांगली व्हाईट थंडी उतरल्यावर उलगडते, सामान्य व्हाईट उघडी पडते.

चाखायची पद्धत काय?

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा, रंग आणि स्वच्छता बघा. तरुण रेड जांभळट दिसते, जुनी विटकरीकडे झुकते. व्हाईट जुनी होत गेली की सोनेरी होते. यावर फार वेळ घालवू नका. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांवरून दर्जा सांगणारा पाहुणा प्रत्येक बैठकीला असतो. ते थेंब मुख्यतः अल्कोहोलमुळे येतात, त्यांचा दर्जाशी संबंध नाही.

मग हलवण्याआधी एकदा वास, ग्लास गोल फिरवून परत एकदा. लांब श्वास नको, दोन-तीन छोटे हुंगे. नाक थकतं. थकलं की स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, ठिकाणावर येतं.

मग घोट. लगेच गिळू नका, जिभेवरून गालांपर्यंत फिरवा, जमलं तर थोडी हवा आत ओढा. आवाज होतो, होऊ द्या. आता चार गोष्टी ओळखायच्या: गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि घशातली ऊब, म्हणजे अल्कोहोल. थुंकल्यावर किंवा गिळल्यावर मनात सेकंद मोजा. चव पाचच्या आत गेली तर सामान्य. दहाच्या पुढे रेंगाळली आणि छान रेंगाळली, तर गुण द्या. कडवट रेंगाळणाऱ्या चवीला नाही.

आणि जे वाटलं ते लिहून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. 'अहाहा' सुद्धा नाही. एकानं 'चेरी' म्हटलं की सगळ्यांना चेरी येते, विशेषतः तो माणूस वयानं मोठा असेल तर.

मला नुसता 'द्राक्षाचा वास' येतो. लोक ब्लॅकबेरी, गूजबेरी कुठून काढतात?

आठवणीतून. आणि तुमच्या आठवणीत गूजबेरी नसेल तर ती येणार नाही, त्यात तुमच्या नाकाचा दोष नाही. मंडईत जा. तिथे जे मिळतं ते पुरेसं आहे, आणि बऱ्याच बाबतीत अधिक नेमकंही.

सोव्हिन्यो ब्लाँ या व्हाईट वाईनमध्ये पेरू शोधा. ही कविकल्पना नाही, पेरूच्या वासातले काही गंधक असलेले रेणू या वाईनमध्येही असतात. त्याच वाईनमध्ये, आणि कॅबर्नेमध्येही, कधीकधी चिरलेल्या ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो. तो पायरझिन नावाच्या गटाचा. द्राक्ष पुरतं पिकायच्या आधी तोडलं की तो जास्त असतो. शिराझमध्ये काळी मिरी: २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मिरीतला आणि शिराझमधला वास रोटनडोन या एकाच रेणूचा आहे. पाचांपैकी साधारण एकाच्या नाकाला तो अजिबात कळत नाही, त्यामुळे 'मिरी आहे' आणि 'मिरी नाही' असं भांडणारे दोघंही खरं बोलत असू शकतात. लाकडी पिंपात राहिलेल्या वाईनमध्ये लवंग येते, कारण लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं. व्हॅनिलाचंही तसंच. शेनिन ब्लाँ या व्हाईटमध्ये सफरचंद, पेर, कधी मध. रोझेत बहुधा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. काळसर रेडमध्ये जांभूळ, करवंद, आणि सँजिओव्हेसे या रेडमध्ये आमसुलाच्या जवळ जाणारा आंबटपणा.

सराव करायचा असेल तर आठ वाट्या घ्या: ठेचलेली मिरी, लवंग, पेरूची फोड, ढोबळीचा तुकडा, वेलदोडा, भिजवलेली चिंच, ओलं खोबरं, मध. वर कागद लावून भोकं पाडा आणि कोणालाही ओळखायला सांगा. रोज स्वयंपाक करणारी माणसं यात सहज पुढे जातात. वाईनवर तासभर बोलू शकणारे वेलदोड्याला अडतात, हे बघायला मजा येते.

एक विनंती: त्या दिवशी अगरबत्ती, परफ्यूम, मोगऱ्याचा गजरा आणि शेजारच्या ओट्यावर लसणाची फोडणी नको. पान खाऊन येऊ नका. दात घासून लगेच तर नकोच.

तुरट, आंबट, कडू यांत माझा गोंधळ होतो.

तीन कप करा. एकात लिंबू पिळलेलं पाणी, दुसऱ्यात दहा मिनिटं उकळलेला कोरा चहा पूर्ण गार करून, तिसऱ्यात कारल्याचा रस पाण्यात. आंबटानं जिभेच्या कडांना पाणी सुटतं. तुरटानं उलट, हिरड्या आणि गाल कोरडे पडतात, कारण टॅनिन हा तुरट घटक लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतो. कडू बहुधा उशिरा आणि मागे कळतं. एकदा हा फरक तोंडाला कळला की 'ही वाईन कडक आहे' यासारखी वाक्यं बंद होतात.

गुण कसे देता?

वीसपैकी. रंग आणि स्वच्छता २, वास ६, चव ६, तोल ३, रेंगाळ ३. ही वाटणी आमची आहे, पण वीस गुणांची पद्धत जुनी: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ती १९५० च्या दशकात घडली. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी लेबल झाकून कॅलिफोर्नियाच्या वाईन्सना फ्रेंच वाईन्सपेक्षा वर ठेवलं, तेव्हाही गुण वीसपैकीच होते.

तोलाचे तीन गुण लोकांना कळत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर. गोडी, आंबट, तुरट आणि अल्कोहोल यांतलं एकही सुटं बाहेर येऊन ओरडत नसेल तर तीन. एक ओरडत असेल तर दोन. दोन ओरडत असतील तर एक. स्वस्त वाईनमध्ये पैसे वाचवले कुठे, हे याच ओळीत दिसतं. अल्कोहोल जास्त आणि फळ कमी, किंवा तुरटपणा झाकायला शिल्लक ठेवलेली साखर.

पण खरा रकाना कागदाच्या तळाशी आहे: 'किंमत कळल्यावर, स्वतःच्या पैशानं पुन्हा घ्याल का?' हो किंवा नाही. तो बाटल्या उघड केल्यानंतर भरायचा, आणि वरचे गुण तेव्हा बदलायचे नाहीत. वीसपैकी चौदा आणि 'हो' ही वाईन आमच्या यादीत सोळा आणि 'नाही'च्या वर लागते. बजेटमधल्या वाईनला गुण देण्याचा उपयोग एवढाच: पुढच्या वेळी दुकानात उभं असताना हात कुठल्या बाटलीकडे जावा.

शंभरपैकी का नाही? बाटल्यांवर तर ९१, ९३ असं असतं.

ती पद्धत अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्यामुळे जगभर गेली. तिची सुरुवातच ५० पासून होते, आणि विकायच्या बाटल्यांवर छापले जाणारे आकडे बहुधा ८५ च्या पुढचे. म्हणजे प्रत्यक्षात पंधराएक पायऱ्याच वापरात. घरी ८७ आणि ८८ मधला फरक सांगता येतो असं म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न वाचायला द्या.

आमचे गुण एकमेकांशी जुळत नाहीत. काही चुकतंय का?

नाही. व्यावसायिकांचेही जुळत नाहीत. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाईन स्पर्धेतल्या परीक्षकांना त्यांच्या नकळत एकाच बाटलीतली वाईन तीनदा दिली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जेमतेम दहा टक्के परीक्षकांनी तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण दिले होते.

आम्ही सरासरी काढत नाही. सगळ्यांचे गुण चढत्या क्रमानं लिहून मधला घेतो, म्हणजे एखाद्यानं रागानं दिलेल्या चार गुणांमुळे निकाल हलत नाही. शिवाय सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतलं अंतर शेजारी लिहितो. मधला गुण १३ आणि अंतर २ असलेली बाटली पाहुण्यांसाठी. मधला १३ आणि अंतर ९ असलेली मात्र आधी स्वतः चाखून मगच घ्या. अशाच बाटल्यांवरून सगळ्यांत जास्त वाद रंगतो.

मला खरंच फरक कळतो की मी उगाच लिहितोय, हे कसं तपासू?

तीन ग्लास घ्या. दोघांत एकच वाईन, तिसऱ्यात वेगळी. दुसऱ्या कोणी ओतायचं, तुम्ही वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या नशिबानं तीनातून एकदा बरोबर येतंच, त्यामुळे एकदा जिंकून नाचू नका. पाच वेळा करा. पाचपैकी चार किंवा पाच बरोबर नशिबानं येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे. एवढं जमलं तर त्या दोन वाईन्सबद्दल तुमच्या मताला वजन आहे. नाही जमलं तर दोघींतली स्वस्त घ्या, पैसे वाचले.

सुरुवात कुठल्या बाटल्यांपासून करू?

एका वेळी एकच गोष्ट बदला. एकच द्राक्ष, चार कंपन्या: हा सर्वांत शिकवणारा संच. सोव्हिन्यो ब्लाँ घ्या, कारण तिचा वास चटकन पकडता येतो. दुसऱ्या बैठकीला शिराझ. तिसऱ्या वेळी एकाच कंपनीची चार वेगवेगळी द्राक्षं.

आपण मोक्याच्या जागी राहतो, याचा फायदा घ्या. नाशिकला सुलानं १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यो ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली आणि २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं आणि नाशिकच्या आसपास वायनरींची रांग लागली. अकलूजकडे फ्रातेल्ली आहे, इटालियन आणि भारतीय भावांची मिळून. सँजिओव्हेसे चाखायची तर त्यांची. दौंड तालुक्यात रोटीला फोर सीझन्स. बंगळूरजवळच्या नंदी हिल्सचे ग्रोव्हरही पुण्यात मिळतात. आणि नारायणगाव म्हणजे तमाशा आणि टोमॅटो एवढंच ठाऊक असलेल्यांसाठी: शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजनं १९८० च्या दशकात तिथेच स्पार्कलिंग वाईन करून 'ओमर खय्याम' नावानं परदेशात पाठवली होती. ती कंपनी पुढे बुडाली, पण भारतीय वाईनची गोष्ट पुणे जिल्ह्याला वगळून सांगता येत नाही.

प्रत्येक संचात एक बाटली ठरलेल्या बजेटच्या दुप्पट किमतीची लपवून ठेवा. कोणाला सांगू नका. ती दर वेळी पहिली येते का, हे बघण्यासारखं असतं.

त्याच पैशात परदेशी वाईन घेतली तर?

आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये लागू झालेल्या करारानं तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांना त्यात सवलत मिळाली. कर, वाहतूक आणि नफा वजा केल्यावर हजाराच्या परदेशी बाटलीत वाईनचे पैसे किती उरतात याचा विचार करा. या किमतीत आमचा कौल देशी वाईनला. तीन हजाराच्या पुढे बोलायचं तर चित्र बदलतं, पण तो आमचा विषय नाही.

लेबलवरचं साल किती महत्त्वाचं? जुनी वाईन चांगली ना?

या किमतीत बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते, तोडणी जानेवारी ते मार्च. त्यामुळे ज्या सालाचं पीक त्याच सालात ताजी व्हाईट दुकानात दिसू शकते. व्हाईट आणि रोझे सर्वांत ताज्या सालाची घ्या. रेड दोन-तीन वर्षांची चालते. साल छापलेलं नसेल तर निर्मितीची तारीख बघा.

दुकानही बघा. शोकेसमध्ये उन्हात उभी बाटली, किंवा एसी नसलेल्या दुकानात गेल्या उन्हाळ्यापासून पडून असलेली रेड, कितीही सवलतीत मिळाली तरी नको. आणि विकत घेतल्यावर मे महिन्यात गाडीत ठेवून डेक्कनला जेवायला जाऊ नका.

वाईन खराब आहे की मलाच आवडली नाही, कसं ओळखू?

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास आला तर बुचातला दोष. तो टीसीए या रसायनामुळे येतो, फिरकीच्या झाकणात जवळजवळ दिसत नाही. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास म्हणजे आंबायला लागली. शिजवलेल्या मनुकांसारखी, कापलेल्या सफरचंदासारखी तपकिरी आणि मंद झाली असेल तर उष्णता किंवा हवा लागली. सडक्या अंड्याचा वास मात्र बऱ्याचदा बरा होतो: दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओता, हवा लागू द्या. तांबं हा वास खेचून घेतं, म्हणून काही जण तांब्याची स्वच्छ तार क्षणभर बुडवतात. देवघरातली पळी जागेवरच राहू द्या.

तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी.

लहानपणापासून पोर्ट वाईन माहीत आहे. ती चालेल?

वेगळ्या बैठकीला. आपल्याकडे पोर्ट म्हणून मिळते ती बहुधा गोड वाईन. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली खरी पोर्ट आंबवण मध्येच द्राक्षाच्या मद्यानं थांबवून करतात. आपली पोर्ट इतरांबरोबर ठेवली तर तिच्यानंतरची प्रत्येक वाईन आंबट लागते.

मंडईतली द्राक्षं आणून घरी केली तर आणखी स्वस्त पडेल.

परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरी प्यायला असलं तरी. शिवाय थॉम्पसन आणि सोनाका खायच्या जाती: मोठा मणी, पातळ साल, कमी आंबट. वाईनच्या जातींचे मणी लहान, जाड सालीचे, बियांचे. द्राक्षाबद्दलच कुतूहल असेल तर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून पुण्यातच, मांजरीला आहे.

वाईन शाकाहारी असते का?

दरवेळी नाही. वाईन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. बेंटोनाइट नावाची माती वापरली तर प्रश्न येत नाही. लेबलवर लिहिलं नसेल तर कंपनीला ईमेल करा.

श्रावणात चालते का?

हा प्रश्न आईला विचारा.

सोबत खायला काय ठेवायचं?

गुण देताना फक्त साधा पाव, ज्वारीची भाकरी किंवा कुरमुरे, आणि पाणी. चीज नको, ते टॅनिनला गुळगुळीत करून वाईनचे दोष झाकतं. बाकरवडीचं पाकीट सर्वांचे कागद जमा झाल्यावरच फोडायचं.

जेवताना मात्र प्रयोग करा. तिखटाबरोबर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जाळ वाढवतात, त्यामुळे मिसळीबरोबर भारदस्त कॅबर्ने हा सर्वांत वाईट जोड. किंचित गोडी असलेली थंड शेनिन ब्लाँ तिथे कामी येते. तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यो ब्लाँ, तिचा आंबटपणा लिंबाचं काम करतो. फार तिखट नसलेल्या सुक्या मटणाला शिराझ, मिरीला मिरी भेटते. साबुदाणा वड्याला कोरडी स्पार्कलिंग द्या आणि काय होतं ते आम्हाला कळवा. आमच्यात त्यावर अजून एकमत नाही.

उरलेल्या वाईनचं काय?

हवा हा शत्रू. छोट्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरून झाकण लावा, रेडसुद्धा फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस चांगली राहते, स्पार्कलिंग एखादाच दिवस. चाखणीच्या तिसऱ्या दिवशी तीच वाईन परत एकदा गुण देऊन बघा. काही रेड हवा लागून सुधारतात आणि पहिल्या दिवशीचा निकाल उलटतो. त्यानंतर उरलीच तर कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीत घाला, पण मोठ्या आचेवर नीट उकळू द्या, आणि घरात कोणी अल्कोहोल टाळत असेल तर तेही नको, कारण शिजवून ते पूर्ण उडत नाही.